खुर्ची, कठडा आणि उभा प्रेक्षक

इंग्लंडमध्ये १९९४ नंतर पाव शतकाहून अधिक काळ फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची असणे बंधनकारक होते, आणि नेमक्या याच काळात गोलमागच्या स्टँडमध्ये हजारो प्रेक्षक त्या खुर्चीचे पैसे मोजून तिच्यासमोर नव्वद मिनिटे उभे राहत असत. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या कोपऱ्यात तर बसलेला माणूस शोधावा लागे. दूरचित्रवाणीवर सामने पाहताना अनेक वर्षे मला याचे आश्चर्य वाटत असे. नियम असा की बसायचे, रचना अशी की बसता येईल, आणि तरीही बसायचे नाही हा निर्णय त्या गर्दीने कोणालाही न विचारता घेऊन टाकलेला. हा केवळ हट्टीपणा असता, तर तो काही हंगामांत ओसरला असता. तो ओसरला नाही, म्हणून त्यामागचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचता वाचता माझे असे मत बनले की उभे राहावे की बसावे हा वाद बराचसा चुकीच्या जागी घातला गेला. मैदानात माणसाचा जीव सुरक्षित राहतो तो त्याच्या वाट्याला ठरलेली, मोजलेली जागा असल्यामुळे. त्या जागेवर तो बसतो की उभा राहतो ही त्यानंतरची गोष्ट आहे.

फुटबॉलचा प्रेक्षक मुळात उभाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत मैदाने उभी राहिली, तेव्हा मातीच्या किंवा राखेच्या उतारावर पायऱ्या काढणे हा जास्तीत जास्त लोकांना कमीत कमी खर्चात आत घेण्याचा मार्ग होता. या पायऱ्यांच्या उतारांना टेरेस म्हणत. खुर्च्या असत त्या मधल्या छपराखालच्या स्टँडमध्ये, आणि तिथले तिकीट ज्याला परवडे तो तिथे बसे. टेरेसवर नेमकी किती माणसे मावतात याचा हिशेब बराच काळ कोणी फारसा केलाच नाही. १९२३मध्ये वेम्बलीवर झालेल्या पहिल्या एफए कप (इंग्लंडमधील क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामन्याची अधिकृत उपस्थिती १,२६,०४७ नोंदली गेली आहे, पण प्रत्यक्षात लोक त्याहून कितीतरी अधिक होते. ते मैदानावर उतरले आणि घोडेस्वार पोलिसांनी त्यांना रेषेबाहेर सारल्यावरच खेळ सुरू होऊ शकला. १९३७मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सामन्याला १,४९,४१५ लोक होते. रिओच्या माराकाना मैदानात तर अगदी अलीकडे, २००५पर्यंत, मैदानाच्या पातळीवर ‘जेराल’ नावाचा उभ्याचा पट्टा होता. तिथून खेळाडूंचे पाय दिसत, खेळाची रचना मात्र फारशी दिसत नसे, पण अत्यंत स्वस्त तिकिटामुळे शहरातील गरीब माणसाला तेवढेच दार उघडे होते.

उभे राहण्याची ओढ केवळ स्वस्ताईची नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. उभ्या माणसाचा श्वास मोकळा असतो आणि आवाज छातीतून येतो, त्यामुळे सामूहिक गाणे उभ्या गर्दीतूनच उठते. टेरेसवर जागा क्रमांकाने बांधलेली नसल्यामुळे मित्र मित्राशेजारी उभा राहू शके, आणि ज्याला गायचे असे तो गाणाऱ्यांकडे सरके. खेळ ज्या बाजूला झुके त्या बाजूला मानही झुकते, पाऊलही उचलले जाते. बसलेल्या माणसाला हे सगळे करण्यासाठी आधी उठावे लागते, आणि तो उठला की मागचा उठतो, त्याच्या मागचाही उठतो. एखादा रोमांचक क्षण आला की संपूर्ण स्टँड उभा राहतो आणि क्षण सरल्यावर पुन्हा बसतो. सामना चुरशीचा असेल तर तो क्षण सरतच नाही.

आता दुसरी बाजू. टेरेसचा इतिहास मृत्यूंनी भरलेला आहे आणि तो टाळून उभ्या प्रेक्षकाची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४६च्या मार्चमध्ये बोल्टनच्या बर्नडन पार्कवर गर्दीच्या दाबाने कठडे मोडले आणि ३३ जण मरण पावले. मृतदेह बाजूला ठेवून तो सामना पुढे खेळवला गेला, ही त्या काळाची माणसाकडे पाहण्याची दृष्टी. १९७१च्या २ जानेवारीला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपून लोक बाहेर पडताना तेरा क्रमांकाच्या जिन्यावर माणसे एकमेकांवर कोसळली आणि ६६ जण गेले. त्याच जिन्यावर दहा वर्षे आधी दोघांचा जीव गेला होता. त्यानंतर १९७५मध्ये क्रीडामैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि मोठ्या मैदानांना सुरक्षा प्रमाणपत्र घेणे भाग पडले.

मात्र हा इतिहास नीट वाचला तर ‘उभे राहणे धोक्याचे, बसणे सुरक्षित’ इतकी सरळ रेघ त्यात सापडत नाही. आयब्रॉक्सवरील माणसे टेरेसवर उभी असताना मेली नाहीत, ती घरी जाताना एका अरुंद, तीव्र उताराच्या जिन्यावर मेली. १९८५च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या मैदानावर ५६ माणसे मेली ती खुर्च्या असलेल्या मुख्य स्टँडमध्ये. तो स्टँड लाकडी होता, खालच्या पोकळीत वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला होता, आणि आग लागल्यावर मागच्या दारांकडे धावलेल्यांना ती दारे बंद आढळली. त्या स्टँडसमोर मैदानाच्या बाजूला जाळीचे कुंपण नव्हते, म्हणून हजारो लोक पुढे पळून वाचले. घानाच्या अक्रा येथे २००१मध्ये १२६ जण मरण पावले, त्या संध्याकाळी प्रेक्षकांनी उखडून मैदानावर फेकलेल्या वस्तूंत प्लास्टिकच्या खुर्च्याच होत्या. जीव घेतला तो पोलिसांनी सोडलेल्या अश्रुधुराने आणि बंद दारांनी. पेरूच्या लिमा शहरात १९६४मध्ये तीनशेहून अधिक माणसे गेली, तिथेही अश्रुधूर आणि बंद दरवाजे होते. बाहेर पडण्याची वाट, तिची रुंदी आणि दार उघडणारा माणूस या तीन गोष्टी प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा पुढे येतात.

या वादाचा केंद्रबिंदू असलेले नाव अर्थातच शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाचे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या उभ्या प्रेक्षकांसाठी लेपिंग्ज लेनकडील टेरेस दिला होता आणि सुमारे दहा हजार तिकीटधारकांना सात चक्री दारांतून आत जायचे होते. तो टेरेस एकसंध उतार राहिला नव्हता. १९७७मध्ये मैदानाच्या बाजूला उंच कुंपण घातले गेले होते, आणि १९८१च्या एका उपांत्य सामन्यात तिथेच चेंगराचेंगरी होऊन माणसे जखमी झाल्यावर उभी कुंपणे घालून टेरेसचे कप्पे पाडले गेले होते. दारांबाहेरची गर्दी धोकादायक झाल्याने २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडले आणि पाच मिनिटांत सुमारे दोन हजार माणसे आत आली. त्या दारासमोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उघडत होता. बोगद्याचे तोंड कोणी बंद केले नाही, लोकांना बाजूच्या कप्प्यांकडे कोणी वळवले नाही. बाजूच्या कप्प्यांत जागा शिल्लक होती.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक हिशेब. कागदावर मधल्या दोन कप्प्यांची क्षमता २,२०० धरली होती. चौकशीत असे दिसले की योग्य नियम लावले असते तर ती सुमारे १,७००च असायला हवी होती, आणि प्रत्यक्षात तिथे तीन हजारांहून अधिक माणसे गेली. संपूर्ण टेरेसचा एकूण आकडा मात्र त्याच्या ठरलेल्या क्षमतेच्या फारसा पुढे गेलेला नव्हता. म्हणजे चक्री दारे एकूण किती माणसे आत आली हे सांगू शकत होती, पण ती कुठे उभी आहेत हे सांगणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. एका कप्प्यातील कठडा मोडला, पुढची माणसे कुंपणावर दाबली गेली आणि ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला. मृतांची संख्या दीर्घकाळ ९६ मानली जात असे. त्या दिवशी झालेल्या दुखापतींमुळे २०२१मध्ये आणखी एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि ती ९७ झाली. पाठीराखे दारू पिऊन आले, त्यांनीच दार फोडले, हा आरोप सत्तावीस वर्षे त्यांच्या माथी राहिला. २०१६मध्ये ज्यूरीने मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाल्याचा निर्णय दिला आणि प्रेक्षकांना पूर्णपणे दोषमुक्त केले.

या दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९०मध्ये आला. पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण असल्याचे त्यांनी अंतरिम अहवालात आधीच म्हटले होते. उभे राहून सामना पाहणे मुळातच असुरक्षित आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे त्या अहवालाचा दाखला देणारे बरेच जण विसरतात. सर्वांना खुर्ची हा प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नाही, पण सुरक्षितता, सोय आणि गर्दीचे नियंत्रण यांसाठी इतर कोणत्याही एका उपायापेक्षा तो अधिक परिणामकारक ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९८९च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्याने मैदानांना परवाना देण्याची व्यवस्था आणली होतीच, तिच्याद्वारे वरच्या दोन श्रेणींना ऑगस्ट १९९४ची मुदत घालण्यात आली. खालच्या दोन श्रेणींची सक्ती १९९२मध्ये शिथिल झाली. तेथील अनेक क्लबांच्या मैदानांवर टेरेस आजही आहेत आणि तिथे लोक दर शनिवारी निर्वेधपणे उभे राहतात. खालच्या श्रेणीतून वर आलेल्या क्लबला बदलासाठी तीन वर्षे मिळत, त्यामुळे लंडनच्या फुलहॅमने २००१–०२चा प्रीमियर लीगचा, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा, हंगाम टेरेस असलेल्या मैदानावरच खेळला. तीच माणसे, तेच टेरेस, फक्त संघ वर गेला म्हणून उभे राहणे एकदम घातक ठरते, यातला तर्क मला कधीच उमगला नाही. रग्बीला हा कायदा लागूच नव्हता, आणि संगीताच्या कार्यक्रमाला तर फुटबॉलच्याच मैदानाच्या हिरवळीवर हजारो लोक उभे राहत होते.

एकेक करून मोठे टेरेस गेले. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवरील ‘कॉप’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. दक्षिण आफ्रिकेतील ज्या स्पिअन कॉप टेकडीवर जानेवारी १९००मध्ये बोअर युद्धातील रक्तरंजित लढाई झाली तिचे नाव त्याला दिले गेले होते. (त्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास करमचंद गांधी होते, हा योगायोग फुटबॉलच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो.) एकेकाळी अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसे मावणाऱ्या कॉपवर ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्धच्या सामन्याला लोक शेवटचे उभे राहिले. लिव्हरपूल तो सामना ०–१ असा हरले. नंतर बांधलेल्या कॉपमध्ये साडेबारा हजारांच्या आत खुर्च्या आहेत.

खुर्चीने नेमके काय साधले? माझ्या मते तिने सर्वांत मोठे काम केले ते मोजण्याचे. खुर्ची म्हणजे एका माणसाची एक जागा, तिला क्रमांक, त्या क्रमांकाचे एकच तिकीट. बारा हजार खुर्च्यांच्या स्टँडमध्ये पंधरा हजार माणसे गेली तर ते डोळ्यांना ताबडतोब दिसते, आणि एका कोपऱ्यात दुप्पट गर्दी व दुसरा कोपरा मोकळा असे घडणे अवघड होते. हिल्सबरोवर जे नव्हते ते नेमके हेच. माणसांची घनता हीच जीवघेणी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेसाठी ‘ग्रीन गाइड’ म्हणून ओळखली जाणारी मार्गदर्शिका वापरतात. पूर्वी तिच्यात उभ्या जागेसाठी दर दहा चौरस मीटरला जास्तीत जास्त ५४ माणसांची मर्यादा होती, ती नंतर ४७वर आणली गेली. एका चौरस मीटरमध्ये सहा–सात माणसे झाली की व्यक्तीचे स्वतःच्या पावलांवर नियंत्रण राहत नाही. गर्दी जिकडे ढकलेल तिकडे शरीर जाते, दाबाची लाट मागून पुढे येते, आणि छाती फुगवायला जागा न मिळाल्याने उभ्या उभ्या गुदमरून मृत्यू येतो. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात हा समज म्हणूनच पुरता खरा नाही.

मात्र मोजण्याच्या या कामाबरोबर खुर्चीने माणसाने कसे राहावे हेही ठरवून टाकले, आणि तिथे ती हरली. लोक बसले नाहीत. स्वयंसेवक आणि सुरक्षारक्षक त्यांना बसा म्हणून सांगत, ते बसत आणि लगेच पुन्हा उठत. तीन हजार माणसांना खांद्यावर हात ठेवून खाली बसवता येत नाही. काही क्लबांना त्या भागातील तिकिटे कमी करण्याचे इशारे मिळाले, पण त्याने फरक पडला नाही. दरम्यान एक नवाच धोका तयार झाला होता, त्याकडे कायद्याने बराच काळ डोळेझाक केली. पुढच्या रांगेतील साध्या खुर्चीची पाठ तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या नडगीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत येते. गोल झाला की लोक उड्या मारतात, मागचा तोल जाऊन पुढे येतो, आणि नडगीला अडकून पुढच्या रांगेवर पालथा पडतो. जुन्या टेरेसवर निदान ठरावीक अंतरावर छातीला लागणारे कठडे तरी होते. म्हणजे कायद्याने टेरेस काढला, आणि प्रत्यक्षात तिथे कठडे नसलेला, पायात अडथळे असलेला टेरेस उभा राहिला. सुरक्षिततेच्या नावाखाली सर्वांत असुरक्षित प्रकारे उभे राहण्याची सोय आपण करून ठेवली आहे, हे मान्य करायला इंग्लंडला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

उत्तर शेजारीच होते. जर्मनीत युरोपीय स्पर्धांच्या सामन्यांना युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार सर्वांना खुर्ची द्यावी लागे, पण बुंडेसलिगा या देशांतर्गत लीगच्या सामन्यांना उभे राहण्यास मुभा होती. मग तिथल्या अभियंत्यांनी अशी रचना काढली की प्रत्येक रांगेपुढे कमरेइतका मजबूत लोखंडी कठडा असतो आणि त्याच्या चौकटीत खुर्ची दुमडून बंद करता येते. लीगच्या सामन्याला ती बंद, युरोपीय सामन्याला उघडी. अर्थात सर्वच ठिकाणी हीच पद्धत नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर, ज्याला पिवळी भिंत म्हणतात, चोवीस हजारांहून अधिक लोक उभे राहतात आणि युरोपीय सामन्यांसाठी तिथे खुर्च्या बसवल्या जात. मैदानाची क्षमता लीगच्या सामन्यांना ८१ हजारांच्या पुढे असे, तर खुर्च्या बसवल्यावर ती ६६ हजारांच्या आसपास येई. गंमत अशी की १९७१च्या दुर्घटनेनंतर आयब्रॉक्सची पुनर्बांधणी करताना तिथल्या रेंजर्स क्लबने समोर ठेवलेला नमुना याच डॉर्टमुंडच्या मैदानाचा होता. त्यांनी चौकोनी, स्वतंत्र स्टँडांची कल्पना घेतली आणि खुर्च्यांवर भर दिला. तिथल्या उभ्या प्रेक्षकांकडे पाहायला इतरांना आणखी चार दशके लागली.

ब्रिटनमधील सुरुवातही ग्लासगोनेच केली. स्कॉटलंडमध्ये बसण्याची सक्ती संसदेच्या कायद्यातून आलेली नव्हती, ती लीगच्या नियमातून आली होती आणि २०११च्या अखेरीस ती शिथिल झाली. २०१६मध्ये सेल्टिकने अडीच हजारांहून अधिक जागांवर कठड्याच्या खुर्च्या बसवल्या. २०१८मध्ये इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतील श्रूसबरीने पाठीराख्यांच्या वर्गणीतून तसाच छोटा भाग उभारला. त्याच वर्षी वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनचा प्रस्ताव सरकारने फेटाळला, त्यावर एक लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला आणि चर्चा झाली. अखेर १ जानेवारी २०२२पासून चेल्सी, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम आणि कार्डिफ सिटी या पाच क्लबांना परवाना असलेल्या भागांत उभे राहू देण्याचा प्रयोग सुरू झाला. २ जानेवारीला चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्यातील २–२ असा बरोबरीत सुटलेला सामना त्यातला पहिला. पुढच्या हंगामापासून अटी पूर्ण करणाऱ्या सर्वच क्लबांना ही मुभा मिळाली.

या अटी वाचण्यासारख्या आहेत, कारण त्यांतून माझा मुद्दा स्पष्ट होतो. एका जागेवर एकच माणूस. खुर्ची कायमची बंद करून ठेवायची नाही, ज्याला मध्येच बसायचे त्याला बसता आले पाहिजे. पाहुण्या पाठीराख्यांनाही उभे राहण्याचा भाग मिळाला पाहिजे. तो संपूर्ण भाग कॅमेऱ्यांच्या नजरेखाली हवा. उभे राहणाऱ्यांमुळे इतरांच्या, विशेषतः अपंग प्रेक्षकांच्या, दृष्टीआड खेळ जाता कामा नये. म्हणजे खुर्चीने दिलेला मोजण्याचा गुण ठेवून तिने लादलेली बसण्याची सक्ती तेवढी काढून घेतली गेली. गोलच्या क्षणी माणूस आता पुढे कोसळत नाही, कारण पोटापाशी कठडा आहे, आणि मागून लाट येत नाही, कारण प्रत्येक रांगेत तोच कठडा आहे.

हिल्सबरोत आपली माणसे गमावलेल्यांना हे सर्व पटले होते असे नाही. कुटुंबांच्या संघटनेने अनेक वर्षे उभ्या प्रेक्षकांना परत आणण्यास कडाडून विरोध केला, तर काही कुटुंबीयांचे मत कालांतराने बदलले. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी मतदान घेऊन मोठ्या बहुमताने कठड्याच्या खुर्च्यांच्या बाजूने कौल दिला, आणि ॲनफिल्डवर त्या २०२१मध्ये बसवल्याही गेल्या. ज्याच्या घरातील मूल त्या कप्प्यात गेले त्याच्यापुढे घनतेचे आकडे मांडण्याचा अधिकार मला नाही, इतकेच मी म्हणेन.

माझ्या मनातील खरी शंका वेगळी आहे आणि ती उभे राहू न शकणाऱ्यांची आहे. स्टँडचा उतार आखताना स्थापत्यकार एक माप वापरतात: मागच्या माणसाची नजर पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते. ९० मिलिमीटर चांगले मानतात, ६० हे चालवून घेण्यासारखे. हे सगळे गणित सर्वजण बसलेले आहेत असे धरून केलेले असते. सर्व उभे राहिले तरी ते साधारण टिकते, फक्त उंचीचा फरक वाढतो. काही उभे आणि काही बसलेले असले की ते संपूर्ण कोसळते. लहान मूल, ठेंगणा माणूस, गुडघे दुखणारा म्हातारा, चाकांच्या खुर्चीतील प्रेक्षक यांना समोर पाठी दिसतात. वर्षानुवर्षे जो बेकायदा उभा राहत होता त्याने या लोकांचा सामना हिरावला, ही गोष्ट उभ्याच्या बाजूने बोलणारे आम्ही फार कमी वेळा कबूल करतो. चाकांच्या खुर्च्यांसाठीचे चौथरे पुढच्या उभ्या डोक्यांवरून दिसेल इतके उंच करणे हा त्यावरचा उपाय आहे, पण जुन्या मैदानांत तो खर्चिक आणि अनेकदा अशक्य असतो. स्वतंत्र, परवाना असलेला उभ्याचा भाग याच कारणाने मला न्याय्य वाटतो: उभे राहणारे तिकडे गेले की उरलेल्या स्टँडमध्ये ‘कृपया बसा’ म्हणण्याला काही वजन येते.

राहिला पैशाचा प्रश्न. टेलर यांनी खुर्च्या आल्या म्हणून तिकिटे आवाक्याबाहेर जाण्याचे कारण नाही असे मानले होते, आणि त्यासाठी आयब्रॉक्सचे उदाहरण दिले होते, जिथे तेव्हा खुर्ची ६ पौंडांना आणि उभी जागा ४ पौंडांना मिळत असे. पुढच्या दोन दशकांत प्रीमियर लीगच्या तिकिटांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दूरचित्रवाणीचे पैसे, परदेशी खेळाडू, श्रीमंत मालक ही कारणे त्यामागे आहेतच, पण कॉपसारख्या ठिकाणी अर्ध्याहून अधिक जागा नाहीशा झाल्या, याचाही त्यात वाटा आहे. इंग्लंडने २०२२मध्ये उभे राहणे परत दिले, ते एका खुर्चीमागे एक माणूस या अटीवर, त्यामुळे जागा वाढल्या नाहीत आणि दर उतरण्याचे कोणतेही कारण निर्माण झाले नाही. जर्मनीत एका खुर्चीच्या जागेत जवळपास दोन उभे राहू शकतात आणि म्हणून उभ्याचे तिकीट खरोखर स्वस्त ठेवता येते. युनियन बर्लिनच्या मैदानात २२,०१२ जागांपैकी फक्त ३,६१७ खुर्च्या आहेत, आणि त्या मैदानाच्या दुरुस्तीसाठी दोन हजारांहून अधिक पाठीराख्यांनी स्वतः श्रमदान केले होते. युएफानेही २०२२–२३पासून जर्मनी, इंग्लंड आणि फ्रान्समध्ये उभ्या प्रेक्षकांचा प्रयोग सुरू केला, त्यामुळे आदल्या हंगामात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑलिंपिक मैदानावर जावे लागलेल्या युनियनला युरोपा लीगचे सामने आपल्या घरी खेळता आले.

इंग्लंडच्या जुन्या, दाट वस्तीत अडकलेल्या मैदानांत जर्मनीइतकी घनता लगेच परवडणार नाही. तिथे बाहेर पडण्याचे जिने, बोगदे आणि दारे खुर्च्यांच्या संख्येवरून आखलेली आहेत, आणि आयब्रॉक्सचा जिना आठवला तर त्यांच्याशी खेळ करू नये हे कोणीही मान्य करील. पण नव्याने बांधल्या जाणाऱ्या स्टँडांत ती दारे आधीपासूनच रुंद ठेवता येतात. एकास एक ही अट तिथे जिन्यांच्या रुंदीनुसार तीन खुर्च्यांमागे चार किंवा पाच माणसे इतकी सैल करावी, वाढलेल्या जागांची तिकिटे स्वस्तच ठेवण्याचे बंधन परवान्यातच घालावे, आणि पहिली परवानगी अशा क्लबाला द्यावी ज्याने चाकांच्या खुर्च्यांचे चौथरे आधी उंच केले आहेत.